अंगातली ताकद मोजावी कशी?

धान्य मोजायला पायली आहे. दूध मोजायला लिटरचे माप आहे. जमीन मोजायची तर मोजणीदार येतो आणि गुंठ्यागुंठ्याचा हिशेब करून देतो. ऊस कारखान्यावर गेला की गाडीसकट काट्यावर चढतो. घरात येणारी आणि घरातून जाणारी वस्तू आपण मोजून घेतो, मोजून देतो. पण ज्या अंगाच्या जिवावर हे सारे चालते, त्या अंगात ताकद किती आहे, हे कधी मोजले आहे काय?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ती काय मोजायची? काम होतंय म्हंजे ताकद आहे. काम होईना झालं म्हंजे ताकद संपली."

बहुतेक लोक असेच म्हणतात, आणि इथेच घोटाळा होतो.

आपल्या जुन्या घरांत कणगी असे. आता पत्र्याची कोठी आली. पण कणगी आठवत असेल तर ती डोळ्यांपुढे आणा. कणगीतून रोज दोन शेर ज्वारी काढली, तरी बाहेरून कणगी तशीच दिसते. तिचे पोट खपाटीला जात नाही. ती एकाएकी रिकामी होते, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे ती रोज थोडी थोडी रिकामी होत असते. शहाणी बाई अधूनमधून आत काठी घालून बघते. काठी किती खोल गेली, त्यावरून किती उरले ते कळते.

अंगाचेही असेच आहे. तिशी-चाळिशी उलटली की माणसाचे स्नायू हळूहळू झिजू लागतात. साठीनंतर ही झीज वाढते. तरुण माणूस खुर्चीवरून उठतो तेव्हा पायांतली थोडीच ताकद खर्च होते. बाकीची शिल्लक राहते. वय वाढते तशी शिल्लक कमी होते. पण उठणे तर होतेच ना? म्हणून त्याला काही जाणवत नाही. मग कधी तरी ताप येतो. पंधरा दिवस अंथरूण धरावे लागते. पडून राहिले की स्नायू फार लवकर आटतात. ताप जातो, पण माणूस उठत नाही. घरातले म्हणतात, "तापानं पार झोपवलं हो." ताप निमित्त झाला. कणगी आधीच तळाला गेली होती.

म्हणून काठी घालून बघायची. ती कशी, ते आज सांगतो. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. एक खुर्ची, एक भिंत, सेकंदकाट्याचे घड्याळ किंवा घरातला मोबाईल, आणि शेजारी उभे राहायला एक माणूस. एवढे पुरे.

डॉक्टर तपासतात ते वेगळे

कोणी विचारील, "दवाखान्यात बीपी बघतात, साखर बघतात. मग आणखी हे कशाला?"

ती तपासणी जरूर करावी. तिच्यावाचून चालणार नाही. पण ती आजार शोधते. साखर ठीक आहे, बीपी ठीक आहे, छातीचा आवाज साफ आहे, म्हणजे माणूस निरोगी आहे. पण हा निरोगी माणूस पन्नास किलोचे पोते उचलील काय? एसटीच्या उंच पायरीवर चढेल काय? न्हाणीघरात पाय सरकला तर सावरेल काय? हे रक्ताच्या थेंबावरून कळत नाही. त्यासाठी माणसाला उठवून, बसवून, चालवूनच बघावे लागते. बैल घेताना आपण नुसते दात बघतो काय? चार पावले चालवून बघतो, औताला जुंपून बघतो.

पूर्वी कसे मोजत

आपल्या मुलखाला ताकदीची हौस जुनी आहे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात या भागात अकरा मारुती स्थापले. चाफळचे दोन, मसूरचा एक, शहापूरचा एक, असे ते अकरा. त्यांतला एक आपल्या उंब्रजचा. मारुती म्हणजे शक्तीचे दैवत. मारुतीजवळ तालीम आणि तालमीत दगडी नाल, अशी आपल्याकडची रीत. नाल कोण उचलतो, जोर-बैठका कोण जास्त मारतो, यावरून पोरांची ताकद ठरे. शिवारात पैजेने पोती उचलीत. जत्रेत कुस्ती लागे.

याच मातीतून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव निघाले. १९५२ साली फिनलंड देशात, हेलसिंकी शहरी ऑलिंपिकचे सामने झाले. तिथे खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले पदक.

हे सारे अभिमानाचे खरे. पण त्यात एक उणे आहे. कुस्तीने दोघांत जास्त कोण ते कळते. नाल उचलून गावात पहिला कोण ते कळते. तुमची आई कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या आणखी किती वर्षे चढेल, हे त्यातून कळत नाही. तालमीचे माप पैलवानाचे होते. घरच्या माणसाचे माप नव्हते.

त्या दृष्टीने औंधच्या राजांची रीत मला जास्त पटते. औंध आपल्याच साताऱ्यात, खटाव तालुक्यात. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. ते स्वतः रोज नमस्कार घालीत. आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले. मुलगे घालीत, मुलीही घालीत. नमस्कारात एक सोय आहे. ते मोजता येतात. आज बारा झाले, महिन्याने पंचवीस झाले. कोणाला पाडायचे नाही, कोणाशी पैज नाही. कालचा मी आणि आजचा मी, एवढीच तुलना. भवानराव १८६८ साली जन्मले आणि १९५१ साली वारले. म्हणजे त्र्याऐंशीच्या घरात पोचले.

पुढे सरकारनेही असे मोजमाप काढले. १९५९-६० साली देशभर शारीरिक क्षमतेची मोहीम निघाली. धावणे, उडी, गोळाफेक अशा कसोट्या असत आणि जमेल तशी एक, दोन किंवा तीन तारे अशी पायरी मिळे. अलीकडे, २९ ऑगस्ट २०१९ रोजी, 'फिट इंडिया' ही मोहीम सुरू झाली. तिच्यात शाळकरी मुले, १८ ते ६५ वयाची माणसे आणि त्यापुढची वडीलधारी माणसे, अशा तीन गटांसाठी कसोट्या सांगितल्या आहेत. एकच गज सगळ्यांना लावायचा नाही, हे शहाणपण त्यात आहे.

आधी एवढे पाळा

कसोटी रिकाम्या पोटी नको आणि भरल्या पोटीही नको. जेवण होऊन दोन तास जाऊ द्यावेत. उन्हात घेऊ नये. चालताना ज्याच्या छातीत दुखते, ज्याला घेरी येते, ज्याचे बीपी ताब्यात नाही, जिचे दिवस भरत आले आहेत, ज्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही करू नये. ज्याचे गुडघे धरलेले आहेत त्याने खाली बसण्याची कसोटी सोडून द्यावी, बाकीच्या कराव्यात. करता करता छाती भरून आली, दम लागून बोलता येईना, तर तिथेच थांबावे. छातीत कळ आली आणि ती जाईना, तर वेळ न घालवता १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी.

आणि हो, पैज लावू नका. आपल्याकडे कशाचीही पैज लागते.

खाली बसा आणि उठा

पहिली कसोटी आपल्या घरचीच आहे. पण ती ब्राझील देशातल्या एका डॉक्टरांनी मांडली. त्यांचे नाव क्लौदिओ जिल अरौझो. ब्राझील म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचा देश. तिथले लोक आपल्यासारखे जमिनीवर बसून जेवत नाहीत. पण जमिनीवर बसून उठायला काय काय लागते, हे त्यांनी नीट हेरले.

कसोटी अशी. अनवाणी उभे राहा. जवळ माणूस उभा करा. घाई करू नका. पायाला पायाची आढी घालून खाली मांडी घालून बसा. मग तसेच उठा. शक्यतो कशाचा आधार घेऊ नका.

गुण दहा. बसण्याचे पाच, उठण्याचे पाच. हात टेकला तर एक गुण गेला. गुडघा टेकला तर एक गेला. मांडीवर हात देऊन रेटा घेतला तरी एक गेला. नुसता झोल गेला, तर अर्धा गुण गेला. समजा, तुम्ही नीट बसलात. पाचापैकी पाच. उठताना एक हात टेकला, एक गुडघा टेकला आणि थोडे झुललात. म्हणजे पाचातून अडीच गेले, अडीच राहिले. एकूण साडेसात.

या डॉक्टरांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ माणसांची अशी कसोटी घेतली आणि सुमारे सहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. ही माहिती २०१२ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना तीन किंवा त्याहून कमी गुण होते, त्यांच्यात मरणाचे प्रमाण आठ ते दहा गुणवाल्यांच्या पाचपटीहून जास्त निघाले. वयाचा फरक धरूनच हा हिशेब केला होता.

हे वाचून घाबरू नका. कमी गुण म्हणजे यमाची चिठ्ठी नव्हे. हात टेकल्याने कोणी मरत नाही. पण मांडी घालून उठायला पायांत जोर लागतो, कमरेत लवचिकपणा लागतो, अंगाचा तोल लागतो, आणि पोटावर फाजील चरबी असेल तर ती आडवी येते. चारही गोष्टी एकदम तपासल्या जातात. काठी थेट कणगीच्या तळाला जाते, ती अशी.

इथे मनातले एक सांगतो. या कसोटीत आपण गावची माणसे एके काळी दहापैकी दहा घेणारी होतो. जेवायला पाटावर, दळायला जात्यापुढे, भजनाला सतरंजीवर, परसाकडे उकिडवे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा ही कसोटी आपोआप होत असे. आता जेवण टेबलावर आले. लग्नात पंगत गेली आणि हातात ताट घेऊन उभ्याने जेवायची तऱ्हा आली. संडासात कमोड बसला. ज्याचे गुडघे गेले त्याला या सोयी हव्यातच, त्यांना नावे ठेवायची नाहीत. पण धडधाकट तिशीतल्या गड्याने खुर्चीशिवाय बसायचेच नाही, हे काही मला पटत नाही.

खुर्चीची उठबस

ज्यांना खाली बसणे जमत नाही, त्यांच्यासाठी ही दुसरी. पण ती सगळ्यांनीच करावी. अमेरिकेत कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठातल्या रिकली आणि जोन्स या दोन शिक्षकांनी १९९९ साली साठीपुढच्या माणसांसाठी काही कसोट्या ठरवल्या. त्यांतली ही.

खुर्ची बिनहातांची घ्या. बैठक जमिनीपासून सतरा इंच, म्हणजे साधारण दोन वितींपेक्षा थोडी कमी. खुर्ची भिंतीला टेकवा, नाही तर ती मागे सरकून माणूस आपटेल. प्लास्टिकची असेल तर हे विसरूच नका. मध्यभागी बसा. दोन्ही हात छातीवर फुली घालून ठेवा, उजवा हात डाव्या खांद्यावर, डावा उजव्या. पाय जमिनीवर सपाट. "चला" म्हटले की पुरे ताठ उभे राहा, पुन्हा बसा. असे तीस सेकंद. पुरे ताठ उभे राहिलात तेवढेच मोजायचे. अर्धवट उठणे धरायचे नाही. हाताने रेटा घेतला तर कसोटी शून्य.

किती झाले म्हणजे बरे? साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाचे चौदापेक्षा कमी नसावेत, बाईचे बारापेक्षा कमी नसावेत. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात पुरुषाचे बारा आणि बाईचे दहा. ऐंशी ते चौऱ्याऐंशी वयात पुरुषाचे दहा, बाईचे नऊ. यापेक्षा कमी झाले तर पडण्याचा धोका जास्त, असे अमेरिकेतले आरोग्य खाते समजते. हे आकडे तिकडच्या माणसांवरून काढलेले आहेत. तेव्हा एखाददुसऱ्याने कमी पडलात तर लगेच खचू नका. पण साठीच्या गड्याची सात-आठातच दमछाक झाली, तर पाय खरोखर दुबळे झालेले आहेत, मग देश कुठलाही असो.

तिशी-चाळिशीतल्यांनी हे आकडे बघून खूश होऊ नये. ते आकडे आजी-आजोबांचे आहेत. तरुणाने आपला आजचा आकडा लिहून ठेवावा आणि तो घटतो की टिकतो ते बघावे.

एका पायावर

पंढरीचा पांडुरंग दोन्ही पाय जुळवून विटेवर उभा आहे. आपल्याला एकाच पायावर उभे राहायचे आहे, आणि तेही फक्त दहा सेकंद.

अनवाणी उभे राहा. एक पाय उचला आणि त्याचे पाऊल दुसऱ्या पायाच्या पोटरीच्या मागच्या बाजूला लावा. हात खाली सोडलेले. नजर समोर. जवळ माणूस उभा हवा, हाताशी भिंत हवी. तीन वेळा बघता येईल. एकदा तरी दहा सेकंद झाले म्हणजे जमले.

तुम्हाला हसू आले असेल. तरुणांना हे काहीच नाही. पण ब्राझीलच्या त्याच डॉक्टरांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ माणसांना असे उभे केले, तर पाचांतल्या एकाला जमले नाही. पुढच्या सुमारे सात वर्षांत, ज्यांना जमले होते त्यांच्यातले शेकडा साडेचार-पाच वारले. ज्यांना जमले नव्हते त्यांच्यातले शेकडा साडेसतरा वारले. न जमणारी माणसे वयाने मोठी होती, त्यांना मधुमेहासारखे आजारही जास्त होते, हे खरे. तेवढा फरक वजा केला, तरी त्यांचा धोका शेकडा ८४ ने जास्तच राहिला. २०२२ साली हे छापून आले.

तोल गेला की म्हातारे माणूस पडते. पडले की खुब्याचे हाड मोडते. खुबा मोडला की ऑपरेशन, खर्च, महिनोन्‌महिने अंथरूण, आणि घरातल्या एका बाईचे सारे दिवस त्या अंथरुणापाशी. आपल्या गावात अशी घरे तुम्हालाही ठाऊक असतील. दहा सेकंदांची कसोटी हसण्यावारी नेऊ नये, ती यासाठी.

वडीलधाऱ्यांसाठी आणखी एक सोपी रीत आहे. खुर्चीपासून दहा फुटांवर खडूने रेघ मारा. खुर्चीवरून उठायचे, रोजच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. रोज काठी घेत असाल तर काठी घेऊनच. बारा सेकंदांच्या आत झाले तर ठीक. बारा किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून घरातले उंबरठे, ओली फरशी, रात्रीचा उजेड यांच्याकडे लक्ष द्यावे.

दम

पाय मजबूत असून भागत नाही. छातीत दम हवा.

त्यासाठी सहा मिनिटांचे चालणे. शाळेच्या मैदानात तीस मीटर अंतर दोरीने मोजून दोन खुणा करा. पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेला हा उद्योग करू नका, तिथे गाड्या माणूस बघत नाहीत. दोन्ही खुणांमध्ये भराभर चालत येरझारा घाला. धावायचे नाही. दम लागला तर थांबा, पण घड्याळ चालूच राहील. सहा मिनिटांत किती येरझारा झाल्या ते मोजा आणि मीटर काढा. धडधाकट माणूस साधारणपणे चारशे ते सातशे मीटर चालतो. उंच माणसाची ढांग मोठी, म्हणून तो जास्त जातो. बुटक्याने वाईट वाटून घेऊ नये. ही कसोटी मुळात दवाखान्यात, छातीच्या आणि हृदयाच्या रोग्यांसाठी वापरतात. पण निरोग्यालाही ती चालते.

तरुणांना याहून कडक माप पाहिजे. १९६८ साली अमेरिकेच्या हवाई दलातल्या कूपर नावाच्या डॉक्टरांनी बारा मिनिटांत माणूस किती अंतर धावतो, ही कसोटी काढली. सैन्यातल्या पुष्कळ लोकांची एका दिवसात परीक्षा घ्यायची, तर यंत्रे पुरणार कशी? म्हणून त्यांनी घड्याळ आणि मैदान घेतले. आपल्याकडची पोरे पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्याने पळताना दिसतात. मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तीही दमाचीच कसोटी. फरक एवढाच की भरती झाली, किंवा वय उलटले, की पळणे बंद. मग पाच वर्षांनी तोच गडी जिना चढताना कठडा धरतो.

मैदान नसेल, वेळ नसेल, तर अगदी सोपी खूण सांगतो. भराभर चालताना बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये. एवढ्या वेगाने चालणे अंगी लागते. नुसती चार शब्दांतच धाप लागली तर वेग कमी करा.

हाताची पकड

हाताच्या पकडीचे एक यंत्र असते. ते मुठीत दाबले की किलोचा आकडा दाखवते. आपल्या भारतासह सतरा देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांची पकड अशी मोजली. २०१५ साली निकाल छापला. पकड पाच किलोने कमी, तर मरणाचा धोका शेकडा १६ ने जास्त, असे निघाले. बीपीच्या वरच्या आकड्यापेक्षाही पकडीवरून अंदाज नीट लागला. मुठीचा आणि काळजाचा संबंध काय, असे वाटेल. पण मूठ ही साऱ्या अंगातल्या स्नायूंची वानगी आहे. पोत्यातले मूठभर दाणे बघून आपण सारे पोते ओळखतो ना, तसे.

यंत्र घरी नसते. मग दहा लिटरची बादली पाण्याने भरा, हात खाली सोडून धरा आणि किती सेकंद धरता येते ते बघा. एकदा उजवा हात, एकदा डावा. हे काही शास्त्रज्ञांचे माप नव्हे, घरगुती आहे. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडू नका, फक्त आपल्या मागच्या आकड्याशी ताडा. बादली मात्र तीच ठेवा.

लवचिकपणा बघायचा तर एक हात खांद्यावरून पाठीवर न्या, दुसरा खालून कमरेमागून वर न्या, आणि दोन्हींची बोटे भेटतात काय ते दुसऱ्याकडून पाहून घ्या. न्हाताना पाठ चोळता येते त्याला हे येते.

"आम्ही तर दिवसभर राबतो"

हा प्रश्न हमखास येतो. एक मावशी मला म्हणाल्या, "गुरुजी, आम्ही दिसभर भांगलाय जातो. वैरणीचा भारा आणतो. आम्हाला आणि कसली कसोटी? बसून खाणाऱ्यांना लावा."

मी म्हटले, "मावशी, भारा डोक्यावर घेता ते दिसते. पण खाली बसून उठताना हात कुठे टेकता ते सांगा बघू."

त्या बसल्या, आणि उठताना दोन्ही हात टेकले. त्यांनाच नवल वाटले.

बघा, काम आणि व्यायाम यांत फरक आहे. काम अंगाचा एकच भाग वापरते आणि तोच झिजवते. भांगलताना तासन्‌तास कंबर वाकलेली राहते. कंबर दुखून येते, पण छातीचा दम वाढत नाही. ऊसतोडीत मोळी उचलताना पाठीवर भार येतो, तोल राखण्याची सवय राहते, पण गुडघे घासतात. गड्यांचे तर पूर्वीसारखे कामही राहिले नाही. नांगराला ट्रॅक्टर आला. रानात जायला मोटारसायकल आली. पाण्याची मोटर मोबाईलवरून चालू होते. कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण कष्टाबरोबर चालणेही गेले. सकाळी गाडीला किक मारायची आणि संध्याकाळी पारावर बसायचे, मग कणगीत भर पडणार कुठून?

आणि भर पडते, ही यातली खरी आनंदाची गोष्ट. सत्तरीतसुद्धा स्नायू बळकट होतात. जी कसोटी कमी पडली, तोच व्यायाम करायचा. खुर्चीची उठबस कमी झाली तर रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा उठाबस करा. तोल जातो तर भिंतीला एक बोट लावून एका पायावर उभे राहा, मग हळूहळू बोट सोडा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्यात निदान दीडशे मिनिटे, म्हणजे अडीच तास, भराभर चालण्यासारखे श्रम करावेत. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. साठी-पासष्टीनंतर तीन दिवस तोलाचाही करावा. ज्याला नमस्कार येतात त्याने नमस्कार घालावेत. आणि पोटात डाळ, दूध, अंडे असे काही गेले पाहिजे. नुसत्या भाकरी-चटणीवर स्नायू बांधले जात नाहीत.

वहीचे पान

आता तुम्हाला लिहिता येते. ती विद्या इथे वापरा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे एक पान करा. वर नाव आणि वय लिहा. पानावर उभ्या रेघा मारून सहा रकाने आखा. पहिल्यात तारीख. मग खाली बसून उठण्याचे गुण, खुर्चीची उठबस, एका पायावर किती सेकंद, सहा मिनिटांत किती मीटर, बादली किती सेकंद. एवढेच. ज्याने जे केले नाही त्याच्या रकान्यात आडवी रेघ मारा. खोटा आकडा लिहू नका, वही आपलीच आहे.

रोज मोजू नये. रोज मोजून कणगी भरत नाही. वर्षातून चार वेळा पुरे. तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून सण धरा. गुढीपाडवा, आषाढी एकादशी, दसरा आणि संक्रांत. चारही सणांत साधारण तीन-तीन महिन्यांचे अंतर पडते. सणाच्या दिवशी नको, पोट भरलेले असते आणि बायकांना कामे असतात. सणाच्या आदल्या रविवारी घ्या. आषाढीला उपवास असतो, तेव्हा तर आधीच घ्या.

एका वेळी एकदोन आकडे इकडे तिकडे झाले तर तो दिवसाचा गुण समजा. झोप नीट झाली नसेल, सर्दी असेल. पण पाडवा, आषाढी, दसरा अशी सलग तीन वेळा उठबस घटतच गेली, वजनही घटले, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांना नुसते "अशक्तपणा वाटतो" म्हणून सांगू नका. "पाडव्याला चौदा होत होत्या, आषाढीला बारा झाल्या, आता नऊच होतात," असे सांगा आणि पान दाखवा. डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ कळेल.

पहिली ओळ या रविवारी लिहा. वही कोनाड्यात पंचांगाशेजारी ठेवा, म्हणजे सण आला की तीही हाताला लागेल.